‘कांडी’ लिहू देणारा कीबोर्ड

हिंगोली

चि. भाचीस,

महाज्योती या सरकारी संस्थेच्या योजनेतला टॅब तुझ्या हाती आला, फार आनंद झाला. पुढचा शब्द सगळ्यात चांगला ओळखणारं कीबोर्ड ॲप कोणतं, असं तू विचारलंस. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ओळखण्याच्या हुशारीवरून कीबोर्ड निवडू नकोस. मराठीचं प्रत्येक अक्षर जो तुला थेट उमटवू देतो आणि तू लिहिलेलं आपल्याजवळ साठवायला नेत नाही, तो घे. सूचनांची पट्टी कितीही चतुर असो, तिचा विचार त्यानंतर.

आपल्याकडे बहुतेक जण इंग्रजी अक्षरं दाबतात आणि कीबोर्ड त्यांचं मराठी करून देतो. सोयीचं वाटतं खरं, पण इंग्रजीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांना मिळून एकच अक्षर आहे. ‘न’ आणि ‘ण’, ‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’ यांचंही तेच. ऱ्हस्व-दीर्घ तर बहुतेक जण लिहीतच नाहीत. ‘के, ए, एल’ दाबलंस की कल, कळ, काल आणि काळ असे चार शब्द दाराशी उभे राहतात आणि त्यातला कोणता आत घ्यायचा हे यंत्र ठरवतं. तू घाईत असलीस की पट्टीवरचा पहिला शब्द तसाच जातो. हळदीच्या व्यवहाराचंच बघ: कांडी वेगळी आणि गोटा वेगळा, दोन्हींचा भाव वेगळा. पण इंग्रजी अक्षरांत ‘कांडी’ आणि ‘कांदी’ यांत फरकच उरत नाही. ‘ऱ’चं दुखणं आणखी मोठं. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलावलं तर गुरुजी येतील आणि आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाक करणारे. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला ‘र’पासून वेगळी जागा दिलेली आहे. ज्या जिल्ह्यात अर्ज, ठराव, पावती, बातमी यांतलं काहीही लिहायला घेतलं की ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द येतो, तिथल्या मुलीला ‘ऱ’ सहज सापडू नये हे मला पटत नाही.

यंत्र पुढचा शब्द ओळखतं म्हणजे काय, तेही समजून घे. आधी लिहिल्या गेलेल्या प्रचंड मजकुरात कोणत्या शब्दामागून कोणता शब्द किती वेळा आला, यावरून ते अंदाज बांधतं. इंग्रजीत हे बरंच साधतं, कारण तिथे शब्दाची रूपं थोडी. आपल्याकडे घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा अशी एकाच नामाची शेकडो रूपं होतात. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात. त्यातलं प्रत्येक रूप यंत्राला पुरेसं भेटलेलं नसतं. शिवाय तो मजकूर येतो कुठून? वर्तमानपत्रं, संकेतस्थळं, छापील भाषा. ‘कामून’, ‘बेगीन’ हे आपल्या बोलीतले शब्द त्यात किती असणार? जे कमी भेटलं ते यंत्र मागे ढकलतं, आणि मग लिहिणारी मुलगी पट्टीवर जे दिसतं तेच वापरू लागते. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

इंग्रजी अक्षरांबद्दलच्या माझ्या तक्रारीवर तू म्हणशील की लिपीनं काय बिघडतं, नर्सीच्या नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात गुरुमुखीत लिहिलेली आहेतच ना. आक्षेप चांगला आहे. पण गुरुमुखीत ‘ट’ आणि ‘त’ वेगळे, ‘ण’ आणि ‘न’ वेगळे. आपल्या उच्चारांना तिथे बसायला जागा आहे. इंग्रजी अक्षरांत ती नाही, म्हणून तिथे अंदाज बांधावा लागतो. दुसरा आक्षेप वेगाचा: इंग्रजी कळांची सवय आहे, नवी मांडणी कोण शिकणार? सुरुवातीचे काही दिवस हात अडखळेल, हे मान्य. पण इनस्क्रिप्ट ही 1986 साली ठरलेली मांडणी एकदा बघ. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ‘र’च्याच कळीवर शिफ्टनं ‘ऱ’ आणि ‘ल’च्याच कळीवर ‘ळ’. उद्या संगणकावर बसलीस तरी हीच मांडणी तिथे मिळेल. तुला ती अवघड वाटली तर आयआयटी मुंबईत तयार झालेल्या स्वरचक्राची रचना पाहा: व्यंजन दाबलं की त्याभोवती बाराखडी चक्रासारखी उघडते. बाराखडी येणाऱ्याला वेगळं काही शिकावं लागत नाही. राहिलं बोलून लिहिणं. 2017पासून गुगलचं यंत्र मराठी ऐकून लिहितं, आणि ज्यांना टाइप करणं जमत नाही त्यांच्यासाठी ते वरदान आहे. पण वर्गात, एसटीत, किंवा मनातली गोष्ट मैत्रिणीला लिहिताना मोठ्यानं बोलता येत नाही.

आता तुझे शब्द जातात कुठे, त्याबद्दल. नवा कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड इशारा देतं, की तू टाइप केलेलं सगळं, पासवर्डसुद्धा, हे ॲप गोळा करू शकतं. आपण न वाचता ‘ठीक आहे’ दाबतो. डिसेंबर 2017मध्ये ‘एआय.टाइप’ या कीबोर्डच्या सुमारे 3 कोटी 10 लाख वापरकर्त्यांची माहिती उघड्या सर्व्हरवर सापडली. त्यात लोकांच्या फोनमधले संपर्क क्रमांकही होते. 2024मध्ये टोरांटोच्या सिटिझन लॅबनं चिनी लिहिण्यासाठी नऊ कंपन्यांचे कीबोर्ड तपासले, तेव्हा आठांमध्ये टाइप केलेला मजकूर वाटेत दुसऱ्याला वाचता येईल अशा त्रुटी निघाल्या. शब्द सुचवण्यासाठी ते मजकूर दूरच्या सर्व्हरकडे पाठवत होते. म्हणजे चांगला अंदाज हवा ही हौसच तिथे गळतीच्या धोक्याचं कारण ठरली. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे’ असं म्हणू नकोस. बाबांच्या खात्याचा ओटीपी, आधार क्रमांक, परीक्षेच्या अर्जाचा पासवर्ड हे सगळं त्याच कळांवरून जातं.

तेव्हा असं कर. रंगीबेरंगी थीम आणि स्टिकर देणारी, जाहिराती दाखवणारी, संपर्क आणि ठावठिकाणा मागणारी ॲप आधी काढून टाक. टॅबमध्ये गुगलचा जीबोर्ड असेल तर तोच ठेव, मात्र मराठी जोडताना इंग्रजी अक्षरांवरून मराठी करणारा पर्याय सोडून थेट मराठीचा घे, आणि गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये वापराची माहिती पाठवण्याची परवानगी बंद कर. दुसरा कोणता घेतलास तर इंटरनेट बंद करून टाइप करून बघ. तरीही सूचना आल्या तर निदान शब्द ओळखण्यासाठी त्याला बाहेर जावं लागत नाही एवढं कळेल. तो काहीच पाठवत नाही असं मात्र त्यावरून धरू नकोस. मग शेतकऱ्यांना, दऱ्या, कांडी, हळद, कळमनुरी, औंढा, ॲप हे सात शब्द पट्टीकडे न बघता लिही. जिथे अडशील तिथे तो कीबोर्ड अडतोय की तुझा हात, ते नीट पाहा. हात अडत असेल तर आठवडाभर थांब. आणि पहिलं पत्र मला त्याच कीबोर्डवरून पाठव. त्यात एखादं ‘कामून’ आलं तर ते पुसू नकोस.

तुझा,
मामा