मुलाखतीत सांगण्यासारखं घरातच आहे

वाटूर फाट्यावरून जालना, मंठा, परतूर अशा वाटा फुटतात. पदवी किंवा पॉलिटेक्निक करून याच वाटांनी जालना, संभाजीनगर, पुण्याला मुलाखतीला निघालेल्या मुलांच्या आईवडिलांना एकच घोर असतो, ‘लेकराचं इंग्रजी कच्चं आहे, टिकेल का?’ इंग्रजीची काळजी खोटी नाही. पण मुलं अडतात ती बहुतेक वेळा दुसरीकडेच.

हल्ली बऱ्याच कंपन्या विषयाच्या प्रश्नांसोबत असं विचारतात: सोबतच्या माणसाशी पटत नव्हतं तेव्हा तुम्ही काय केलं? वेळ कमी आणि काम जास्त, असा एखादा प्रसंग सांगा. एखादी चूक झाली, ती कशी निस्तरली? त्यावर मुलगा खाली मान घालून म्हणतो, ‘सर, तसा काही प्रसंग आला नाही.’ शेतकऱ्याच्या घरात वीस-बावीस वर्षं वाढलेल्या मुलानं हे म्हणावं, याचं मला फार वाईट वाटतं. प्रसंग ढीगभर असतात. ते सांगण्याजोगे आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

असे प्रश्न विचारण्यामागे सरळ विचार आहे. ‘तुम्ही काय कराल’ याचं उत्तर कुणीही गोड देतो, ‘काय केलंत’ याचं उत्तर मात्र जगलेलं असावं लागतं. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या निवडीवर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनागन यांनी 1954 मध्ये प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांवरून माणसाचं काम जोखण्याची पद्धत मांडली. आजच्या या मुलाखतींचं एक मूळ तिथं आहे.

आता ई-पीक पाहणीचंच घ्या. 2021 पासून शेतकऱ्यानं आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करायची आहे. गावात ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांची नोंद कोण करून देतं? घरातली शिकलेली पोरंच. समजा, तुम्ही भावकीतल्या आठ-दहा जणांची नोंद करून दिली. मुलाखतीत ‘मी शेतकऱ्यांना मदत केली’ एवढंच म्हणालात तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी असं सांगा: मुदत संपायला चार दिवस होते. दिवसा ॲप अडकायचं. फोटो तर शेतात उभं राहूनच काढावा लागतो. म्हणून मी आधी सगळ्यांचे गट नंबर वहीत उतरवले, जवळजवळच्या शेतांचा क्रम लावला आणि पहाटे निघालो. एका काकांना वाटलं, यात आपली जमीन दुसऱ्याच्या नावावर होईल. त्यांना सातबारा उघडून दाखवला. दोघांची नोंद राहिली, तिचं काय करायचं ते तलाठ्यांकडे जाऊन विचारलं.

यात नियोजन आहे, अविश्वास दूर करणं आहे, अपुरं राहिलेलंही आहे. परिस्थिती काय होती, जबाबदारी कोणती होती, मी काय केलं आणि शेवटी काय झालं, या क्रमानं बोला. सगळ्यात जास्त वेळ ‘मी काय केलं’ यावर द्या. आपल्याकडे ‘मी’ म्हणायचा संकोच असतो, म्हणून मुलं ‘आम्ही केलं’ म्हणतात आणि त्यांचा वाटा दिसत नाही.

मुलींबाबत तर घरचेच अडसर होतात. आईच्या बचत गटाची वही लिहिणारी, थकलेल्या हप्त्यावरून झालेली कुरबूर मिटवणारी मुलगी ‘मला अनुभव नाही’ म्हणते, कारण त्याला घरात कुणी काम म्हणालेलंच नसतं.

सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्यांसाठी तर हे फार मोलाचं. एनडीएच्या लेखी परीक्षेला 900 गुण आणि त्यानंतरच्या एसएसबी या मुलाखत-चाचण्यांनाही तितकेच. तिथला मुलाखत घेणारा अधिकारी घर, शाळा, मित्र, दिनक्रम असं एकामागून एक विचारत जातो. आधी भरून दिलेला माहितीचा फॉर्म त्याच्या समोर असतो. रचलेली गोष्ट तिथं टिकत नाही. राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था 1977 पासून संभाजीनगरात याच वाटेची तयारी करून घेते. मुलींसाठी आता नाशिकलाही अशी संस्था आहे.

तयार उत्तरं पाठ करून घेणाऱ्या क्लासवर पैसे घालू नका. ‘मग तो काय म्हणाला? तेव्हा किती वाजले होते?’ असे दोन उपप्रश्न आले की पाठांतर गळून पडतं. त्यापेक्षा एक वही करा. आठ-दहा खरे प्रसंग लिहा, त्यातला एखादा फसलेलाही असू द्या. आईवडिलांनी जवळ बसून आठवण करून द्यावी. विहिरीची मोटार जळाली तेव्हा मेकॅनिक कुणी आणला, हे त्यांनाच पक्कं आठवतं. फक्त त्यात तिखटमीठ लावू नये. मग प्रत्येक प्रसंग दोन मिनिटांत मोठ्यानं सांगा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. इंग्रजीत बोलायचं असेल तर आधी प्रसंग मराठीत पक्का होऊ द्या, मग छोट्या, साध्या वाक्यांत इंग्रजीत आणा.

आणि पालकांनो, मुलाखत पुण्याला सकाळी असेल तर लेकराला रातच्या गाडीनं पाठवून थेट कंपनीच्या दारात उतरवू नका. आदल्या दिवशीच पाठवा, एखाद्या नातेवाइकाकडे मुक्कामाची सोय करा. जागरणानं डोकं जड झालं की स्वतःच्याच घरातला प्रसंगही धड आठवत नाही.