डोक्याला मार आणि वर्षभराने आलेली फिट

रोहण्यात घरभेटीला गेलो, की फिट येणाऱ्या माणसाला आम्ही आधी एकच विचारतो: डोक्याला कधी मार लागला होता का? कोणी गाडीवरून पडलेला असतो, कोणाला बैलाने आपटलेलं असतं. टाके सुकले, माणूस कामाला लागला आणि काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी झटका आला. मधल्या काळात घरचे तो मार विसरून जातात. मग करणीचा संशय येतो आणि शेजारणीशी बोलणं बंद होतं.

जखम वरून भरली तरी आत मेंदूच्या पेशींची जोडणी बदलत राहते. या बदलात मायक्रोआरएनएचा हात असतो. समजा, विहारातल्या भोजनदानासाठी आचाऱ्याला चिठ्ठी गेली आणि वाटेत कोणी ती अडवली, तर तो पदार्थ होत नाही. पेशीतही प्रथिनं बनवायच्या अशाच चिठ्ठ्या निघतात. त्यांना अडवणारा जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा म्हणजे मायक्रोआरएनए. व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी तो एका बारीक कृमीत शोधला, १९९३ साली. नोबेल मिळालं २०२४ मध्ये!

मेंदूला इजा झाली की यातले काही तुकडे वाढतात, काही घटतात. डब्लिनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांमधला 'मिर-१३४' नावाचा तुकडा बंद पाडला, तेव्हा त्यांचे पुढचे झटके खूप कमी झाले. हे तुकडे रक्तातही उतरतात. म्हणून मार लागलेल्यांपैकी कोणाला पुढे मिरगी होईल हे रक्तावरून ओळखता येईल का, याचाही शोध चालू आहे.

पण हे औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. त्या नावाने कोणी पुडी विकत असेल तर घेऊ नका. मार लागल्यावर सुरुवातीला देतात त्या गोळ्या पहिल्या आठवड्यातले झटके रोखतात, पुढची मिरगी टाळत नाहीत. मिरगी झालीच, तर मात्र रोजच्या गोळ्यांनी दहापैकी सात जणांचे झटके थांबू शकतात. 'आता बरं आहे' म्हणून गोळी मनाने बंद केली, की झटका परत येतो. हे आम्ही फार पाहिलं आहे.

झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, तर १०८ ला फोन करा. आणि डॉक्टरांना तो जुना मार नक्की सांगा, केव्हा लागला होता त्यासकट.