लांब हातांसाठी लांब स्टेम

उंच माणसाला दुकानात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "सवय होईल." रोड बाइकच्या बाबतीत ते मानू नये. सवय होते ती आखडलेल्या खांद्यांची. माझी उंची सहा फूट दोन इंच आणि हात त्या मानानेही लांब. सिल्वासाहून खानवेलमार्गे दुधनीला जाणारा रस्ता मला अतिशय प्रिय आहे, पण खानवेलच्या पुढचे चढ लागले की पाठीचा कमानीसारखा बाक व्हायचा. अखेर 140 मिलिमीटरचा स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कच्या नळीशी जोडणारा भाग, बसवला आणि तोच रस्ता अंगात मोकळा झाला. त्या शोधात जे कळलं ते इथे मांडतो.

1. तोकडं काय आहे, ते आधी ठरवा.
हात हँडलच्या हुडवर (ब्रेकच्या मुठींवर) न राहता सारखे हुडच्या शेंड्यांकडे सरकतात का? ड्रॉपमध्ये (हँडलच्या खालच्या वळणात) वाकल्यावर गुडघे कोपरांना लागतात का? तसं होत असेल तर पुढची लांबी कमी पडते आहे. मात्र ती भरून काढायला सीट मागे ढकलू नका. सीटची जागा पॅडल आणि गुडघ्याच्या हिशेबाने ठरते. हातांसाठी ती हलवली की गुडघा दुखू लागतो. सायकलपटू एडी मर्क्सने 25 ऑक्टोबर 1972 रोजी मेक्सिको सिटीत तासाभरात 49.431 किलोमीटरचा विक्रम केला. तोही सतत सीट नि हँडलची मापं बदलत राहिला. इतका मोठा स्वार जर मिलिमीटरचा विचार करत होता, तर आपण करायला लाजण्याचं कारण नाही.

2. फुकटातले मिलिमीटर आधी वसूल करा.
सायकलच्या पुढच्या नळीचा कल साधारण 73 अंशांचा असतो, ती मागे झुकलेली असते. त्यामुळे स्टेमखालचा 10 मिमीचा स्पेसर (कडी) काढून वर घातला की हँडल जवळपास तेवढंच खाली येतं आणि सुमारे 3 मिमी पुढे जातं. सहा अंशांचा 100 मिमी स्टेम वर तोंड करून बसवला असेल, तर तो उलटा केल्यावर हँडल सुमारे 6 मिमी पुढे आणि 20 मिमी खाली येतं. हँडलबारची स्वतःची पुढे जाण्याची लांबीही वेगवेगळी असते: आजच्या आटोपशीर बारांची 70 ते 80 मिमी, जुन्या घडणीच्या बारांची 90 च्याही पुढे. एवढं करूनही कमीच पडलं, तर मग खरा शोध सुरू होतो.

3. दुकानात आकडे घेऊन जा.
"लांबवाला द्या" म्हणून काही मिळत नाही. स्टेमची लांबी फोर्कच्या नळीच्या मध्यापासून हँडलच्या मध्यापर्यंत, स्टेमच्याच रेषेत मोजतात. बाहेरच्या कडा धरून मोजलं की हिशेब चुकतो. बरोबर आणखी तीन आकडे हवेत: फोर्कच्या नळीचा व्यास (आज बहुधा 28.6 मिमी), हँडल पकडणाऱ्या भागाचा व्यास (आज 31.8, जुन्या रोड सायकलींवर 26.0 किंवा 25.4) आणि कोन. 17 अंश खाली झुकणारा स्टेम 73 अंशांच्या नळीवर जमिनीला समांतर बसतो. सहा अंशांचा लांब स्टेम लांबीबरोबर थोडा वरही जातो. हे आकडे कागदावर लिहून दिले की दुकानदार तुमचं म्हणणं गंभीरपणे घेतो. माझ्या बाबतीत बोलण्याचा सूर तिथेच बदलला.

4. आपल्या गावात हा सुटा भाग का नसतो, हे समजून घ्या.
मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ज्या काळ्या, सळईच्या ब्रेकच्या सायकली चालल्या, त्यांचं हँडल आणि नळीत जाणारा दांडा एकाच तुकड्यात झाळलेला असतो. लांबी निवडण्याचा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. सिल्वासा, वापीच्या दुकानांत मला 80 ते 110 मिमीचे स्टेम दिसले. खप त्यांचाच आहे. 120 मागवावा लागतो, 130 साठी वाट पाहावी लागते आणि 140 बनवणारे मोजकेच. लुधियाना किंवा दिल्लीच्या झंडेवालानच्या बाजारातून माल येतो, तोही जे खपतं तेच घेऊन.

म्हणून दुकानांपेक्षा माणसं शोधा. लांब स्टेम असतात ते शर्यतीचा बाज सोडलेल्या उंच स्वारांच्या खणात. नाशिक आणि पुण्याकडे लांब पल्ल्याच्या सायकलिंगची परंपरा पक्की आहे. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, आणि त्यानंतर तिकडचा उत्साह आणखी वाढला. ब्रेव्हेला, म्हणजे लांब पल्ल्याच्या स्वारीला, जाल तिथे आपल्याहून उंच माणूस दिसला, तर त्याला जरूर गाठा. मला स्टेम असाच मिळाला. फक्त जुना घ्यायचा तर अ‍ॅल्युमिनियमचाच, आणि बोल्टच्या भोवती तडा नाही ना ते नीट बघून. वापरलेला कार्बनचा स्टेम मी कोणालाही सुचवणार नाही. त्याच्या आतली इजा डोळ्यांना दिसत नाही.

5. जुन्या सायकलीचं गणित वेगळं.
नळीत खाली घुसणारा, पाचरीने अडकणारा जुना स्टेम बहुधा 22.2 मिमी व्यासाचा असतो. त्यावर किमान किती आत जायला हवा याची खूण कोरलेली असते. ती खूण दिसेल इतका वर ओढलेला स्टेम मोडू शकतो.

6. बसवताना घाई नको.
तीस-चाळीस मिमी पुढे गेलं की ब्रेक आणि गिअरच्या केबल कमी पडतात. हँडल पूर्ण वळवून पाहा. ज्या सायकलींत केबल स्टेमच्या पोटातून जातात, किंवा हँडल नि स्टेम एकच आहेत, तिथे खर्च कितीतरी वाढतो. तो आधी विचारा. वरची टोपी घट्ट करून बेअरिंगचा ढिलेपणा काढायचा, त्यानंतरच बाजूचे बोल्ट, आणि तेही स्टेमवर लिहिलेल्या न्यूटन-मीटरइतकेच, बहुतेकदा 5. कार्बनच्या नळीवर तर टॉर्क रेंचशिवाय हात लावू देऊ नका. आमच्या भागात पावसाळा जोरदार. बोल्टना ग्रीस लावलं नाही तर दिवाळीपर्यंत ते जाम होतात.

7. लांबीलाही मर्यादा असते.
सायकलपटू ख्रिस बोर्डमनने 6 सप्टेंबर 1996 रोजी मँचेस्टरला हात पार पुढे ताणून तासात 56.375 किलोमीटर काढले, पण ते बंदिस्त धावपट्टीवर, एका तासासाठी. दिवसभराच्या स्वारीला कोपर किंचित वाकलेलं हवं. मान दुखू लागली, बोटं बधिर झाली तर 10 मिमी मागे या. लांब स्टेमने हँडल वळवायला हाताला जास्त अंतर फिरावं लागतं, त्यामुळे वळणं थोडी सावकाश वाटतात. खानवेलच्या उतारावर मला ते आवडलं. आणि 140सुद्धा पुरत नसेल, तर चूक स्टेमची नाही, फ्रेम लहान आहे. पुढची सायकल मोठ्या मापाची मागवा, आणि दुकानदाराने हातातल्या मधल्या मापाचा आग्रह धरला तरी मोठी येईपर्यंत थांबा.