गट नंबर टाकण्याआधी

पोरांनो, जमिनीचं काही करायचं मनात आलं की आधी घरी बसून नकाशा बघा, मग बांधावर जा. आमच्या काळी गाव नकाशा तलाठ्याच्या दप्तरात असायचा आणि त्याची घडी उलगडणं त्याच्या मर्जीवर. आता महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर सोलापूर जिल्हा, दक्षिण सोलापूर तालुका, होटगी गाव एवढं निवडून गट नंबर टाकला की आपला तुकडा लगतच्या गटांसकट मोबाईलवर दिसतो. फुकट दिसतो. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने नकाशे काढण्या-वापरण्यावरची परवानग्यांची जुनी जंजाळंही काढून टाकली. सरकारने घरपोच दिलेल्या थोड्या चांगल्या गोष्टींत मी या मोबाईलवरच्या नकाशाला धरतो. पण नकाशा दिसला म्हणजे हद्द कळली, असं समजू नका.

पणजोबांच्या खरेदीखतावरचा नंबर तसाच टाकून बघाल तर भलत्याचंच शेत उघडेल. तो सर्व्हे नंबर आहे. १९४७ च्या कायद्याने जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा गट नंबर पडले. तेव्हा एकत्रीकरण योजनेचा उतारा काढून जुना कुठला, नवा कुठला हे आधी जुळवा. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

आता रेघेबद्दल ऐका, हे नीट ऐका. आपली जुनी मोजणी ३३ फुटी साखळीची. साखळीचे सोळा आणे, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. त्या मोजणीवरून कागदावर नकाशे उतरले आणि तेच स्कॅन होऊन तुमच्या मोबाईलवर आले. इंचाला वीस साखळ्या धरून काढलेल्या नकाशात एक इंच म्हणजे ६६० फूट. अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर तेरा फूट भरते! बोटांनी चित्र कितीही मोठं करा, रेघच तेवढी मोठी होणार, बारीक काही कळणार नाही. शिवाय खाली उपग्रहाचं चित्र लावलं की रेघा कधी विहिरीवरून जातात, कधी शेजाऱ्याच्या गोठ्यातून. तेवढ्यावर ‘तू माझ्यात शिरलास’ म्हणून जेसीबी बोलावणारे महाभाग मी पाहिलेत. मोबाईलवरचा नकाशा प्रश्न काढायला घ्या, उत्तर मोजणीतून येतं.

प्रश्न कसे काढायचे? सातबाऱ्यावरचं क्षेत्र, आकारबंदातलं क्षेत्र आणि नकाशातला आकार शेजारी शेजारी मांडा. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो, जुनी झेरॉक्स घेऊन बसू नका. तिन्ही जुळले तर ठीक. नसतील तर मधे काहीतरी घडलंय. आपल्याकडे ते बहुधा भूसंपादन असतं. होटगी जंक्शन आहे. सोलापूर-वाडी मार्ग इथून जातो आणि विजयपूर-गदगचा फाटा इथूनच फुटतो. पलीकडे फताटेवाडी-आहेरवाडीला एनटीपीसीचा ६६० मेगावॅटच्या दोन संचांचा प्रकल्प उभा आहे. अशा भागात जमीन घेताना एकच विचारा : संपादनानंतर कमी-जास्त पत्रक झालंय का? ते झालं नसेल तर गेलेली जमीनही सातबाऱ्यावर तशीच दिसत राहते, आणि विकणारा ती तुम्हाला हसत हसत विकतो.

मला विचाराल तर खरी उणीव इथेच आहे. रेल्वेचा नकाशा रेल्वेकडे, पाटबंधाऱ्यांचा पाटबंधाऱ्यांकडे, वनाचा वनखात्याकडे. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने गतिशक्ती आणून हे थर एकावर एक मांडले, पण ते मुख्यतः खात्यांच्या नियोजनासाठी. शेतकऱ्याला गट नंबर टाकल्यावर त्यावरचं संपादन, कालवा, वनाची हद्द सगळं एका जागी दिसायला हवं. तोवर तुम्हीच चार दारं हिंडा. होटगी रोडला विमानतळाच्या बाजूला बांधकाम काढणार असाल तर पाचवं दारही. तिथे उंचीचे निर्बंध आहेत, आणि सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली गेली ती कुणी विसरलेलं नाही.

वाटेचं भांडण असेल तर गाव नकाशात तुटक रेघा शोधा. एकेरी तुटक रेघ पायवाटेची, दुहेरी गाडीवाटेची. नकाशात असलेली किंवा वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जा. वाटच नसेल आणि बांधावरून हवी असेल तर महसूल संहितेचं कलम १४३. हे दोन अर्ज एकमेकांत मिसळलेत की वर्षं गेली.

गावठाणातल्या घराची गोष्ट वेगळी. स्वामित्व योजनेत ड्रोन उडण्याआधी घराभोवती चुना टाकतात. त्या दिवशी घरातलं शहाणं माणूस हजर हवं. पडवी, बोळ, सांडपाण्याची चारी, सामाईक भिंत यांच्याकडे चुना कुठून वळतो ते बघा आणि हरकत असेल तर तेव्हाच लेखी द्या. पुढची सनद त्या चुन्यावरून निघते.

आणि मोजणी मागवलीच तर हद्द कायम मोजणी मागा. नोटीस जातेच, तरी लगतच्या खातेदाराला आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगा, ‘अण्णा, उद्या मोजणी आहे, तुम्ही या.’ आता रोव्हरने मोजतात. यंत्र उपग्रहावरून जागा घेतं, पण जुने हद्दीचे दगड कुठे होते ते त्याला ठाऊक नसतं. ते म्हाताऱ्यांनी दाखवायचे. तिथेच खुणा पक्क्या करून घ्या. जबाबावर वाचल्याशिवाय सही करू नका. पटलं नाही तर निमताना मोजणीचा, म्हणजे फेरमोजणीचा अर्ज करता येतो, बांधावर आवाज चढवायची गरज नाही. मोजणी नकाशाची क प्रत हाती आली की त्यावर अक्षांश-रेखांश आहेत का बघा आणि तिची एक झेरॉक्स शेजाऱ्याला नेऊन द्या.