एम.डी. झाल्यावर आणखी शिकावे का?

तुमच्यापैकी काहीजण वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करीत असतील. प्रवेश मिळाला की पुढची वाट सरळ आहे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात या वाटेला अनेक फाटे आहेत. त्यांतला एक महत्त्वाचा फाटा एम.डी. किंवा एम.एस. झाल्यावर लागतो. तेथे तरुण डॉक्टरला ठरवावे लागते, की आता कामाला लागायचे, की एखाद्या अधिक अरुंद विषयात आणखी शिकायचे?

वर्षांचा हिशेब

प्रथम साधी बेरीज करू. एखादी मुलगी १८ व्या वर्षी एम.बी.बी.एस.ला गेली, असे समजा. अभ्यासाची साडेचार वर्षे आणि आंतरवासितेचे एक वर्ष धरता ती साडेतेवीस वर्षांची होते. मग एम.डी.ची तीन वर्षे, म्हणजे साडेसव्वीस. त्यानंतर डी.एम. वा एम.सीएच. ही अतिविशेष पदवी घ्यायची, तर आणखी तीन वर्षे लागतात. म्हणजे वय झाले साडेएकोणतीस. मधल्या प्रवेश परीक्षांसाठी गेलेला काळ यात धरलेलाच नाही. पदवीऐवजी 'फेलोशिप' घेतली, तर बहुधा एक ते दोन वर्षे पुरतात. तिच्यात एखाद्या मर्यादित विषयाचा हातखंडा मिळविता येतो. मात्र फेलोशिप आणि डी.एम. यांचा दर्जा एक नव्हे, आणि प्रत्येक फेलोशिपला सारखी मान्यताही नसते. ते आधी तपासून पाहावे लागते.

निवासी डॉक्टर म्हणजे कोण?

एम.डी. करणाऱ्यास 'निवासी डॉक्टर' म्हणतात. या नावामागे इतिहास आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम हॉल्स्टेड या शल्यचिकित्सकाने शिकाऊ डॉक्टरांना रुग्णालयातच राहावयास लावून, पायरीपायरीने जबाबदारी सोपविण्याची पद्धत रुजविली. केवळ पुस्तक वाचून शस्त्रक्रिया येत नाही. जाणत्या माणसाच्या नजरेखाली ती अनेकदा करावी लागते, हे त्यामागचे तत्त्व.

पुढे ज्ञान वाढले, तशा शाखांना उपशाखा फुटल्या. १९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या अरुंद झालेल्या रोहिणीत बारीक नळी घालून, तिच्या टोकावरील फुगा फुगवून वाट मोकळी केली. ही झाली अँजिओप्लास्टी. असे नाजूक काम वेगळ्या शिक्षणावाचून कसे जमणार? म्हणजे आणखी शिकण्याची गरज कामातूनच निर्माण होते.

खोली की रुंदी?

मग प्रत्येकाने शिकतच राहावे काय? येथे थोडा विचार करा. अँजिओप्लास्टीला कॅथ लॅब लागते, प्रशिक्षित सहकारी लागतात. जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे हृदयरोगतज्ज्ञाला ते कौशल्य वापरता येणार नाही. अशा तालुक्याच्या गावी एम.डी. झालेला डॉक्टर हृदयविकाराचा झटका वेळीच ओळखतो, योग्य रुग्णाला रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध देतो आणि त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवितो. शिवाय सर्पदंश, न्यूमोनिया, मधुमेह हेही तोच पाहतो. एकाच्या ज्ञानाला खोली आहे, तर दुसऱ्याच्या ज्ञानाला रुंदी. रुग्णांना दोघेही हवेत.

तिसरीही एक वाट आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघेही एम.डी. पण त्यांनी पुढचे शिक्षण अधिक अरुंद विषयात घेतले नाही. त्याच जॉन्स हॉपकिन्सच्या विद्यापीठात ते सार्वजनिक आरोग्य शिकले आणि गडचिरोलीला येऊन काम करू लागले. तेथे नवजात बालके घरीच दगावत होती. त्यांनी गावातल्या स्त्रियांना बाळाची काळजी घेण्याचे, जंतुसंसर्ग ओळखण्याचे आणि त्यावर औषध देण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. पुढे २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला गेला.

तीन प्रश्न

यावरून काय दिसते? पुढचे शिक्षण म्हणजे शिडीची वरची पायरी नव्हे. ते एक साधन आहे, आणि साधन कामावरून निवडायचे असते. म्हणून त्या फाट्यावर उभ्या असलेल्या डॉक्टरने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला रोज कोणते काम करावयाचे आहे, आणि ते या शिक्षणावाचून अडते काय? ते काम मी जेथे करणार, तेथे त्यासाठी लागणारी साधने आणि माणसे आहेत काय? आणि त्यासाठी लागणारी वर्षे व पैसा मला आणि माझ्या घराला झेपेल काय? तिन्हींची उत्तरे 'होय' आली, तर जरूर शिकावे. केवळ सोबती जातात म्हणून, किंवा नावापुढे आणखी दोन अक्षरे लागतात म्हणून जाऊ नये.

करून पाहा : तुमच्या तालुक्यातील लोकांना कोणत्या आजारांसाठी जिल्ह्याच्या किंवा त्याहून मोठ्या गावी जावे लागते, याची वडीलधाऱ्यांना विचारून यादी करा. प्रत्येक आजारापुढे लिहा : येथे डॉक्टर नाही, साधन नाही, की दोन्ही नाहीत? ही यादी शिक्षकांना दाखवा आणि वर्गात तिच्यावर चर्चा करा. उद्या तुमच्यापैकी कोणी त्या फाट्यावर पोहोचला, तर तिचा उपयोग होईल.