हॅकरच्या आधी एक्सेल

मुक्ता: मावशी, आमच्या कॉलेजचा सर्व्हर कुणी हॅक केला तर कायदा कुणाला धरेल? हॅकरला की आम्हाला?

मावशी: सापडला तर त्याला माहिती तंत्रज्ञान कायदा धरेलच. तुमचा प्रश्न वेगळा. माहिती जपायला तुम्ही वाजवी काळजी घेतली होती का, हे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा विचारतो. घेतली नसेल तर दंड २५० कोटींपर्यंत. बरं, प्रवेशाची यादी कुठे असते तुमची?

मुक्ता: एक्सेलमध्ये. मग समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. नाव, मोबाइल, प्रवर्ग, आधार, पालकांचं उत्पन्न…

मावशी: अगं, मग हॅकरनं कशाला कष्ट घ्यायचे?

मुक्ता: पण खरा डेटा आमचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या ईआरपी कंपनीकडे असतो. जबाबदारी त्यांची, असं करारातच आहे.

मावशी: करारात काहीही असू दे. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे तुम्ही ठरवता, म्हणून कायद्यापुढे जबाबदार तुम्ही. कंपनी तुमच्या सांगण्यावरून काम करते. तिच्याकडून भरपाई नंतर मागा. डेटा संरक्षण मंडळापुढे उभं राहायचं ते कॉलेजनं.

मुक्ता: संमती तर आम्ही घेतो. फॉर्मच्या तळाशी चौकट आहे, टिक केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

मावशी: टिक करणारं पोर किती वर्षांचं? बारावी होऊन आलेली कितीतरी मुलं सतराचीच असतात. अठरा पूर्ण होईपर्यंत या कायद्यात ती बालकं. तिथे संमती पालकांची, तीही पडताळता येईल अशी. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी शिक्षणसंस्थांना सवलत दिली आहे, पण ती शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी लक्ष ठेवण्यापुरती. हजेरी त्यात बसेल. तीच यादी क्लासवाल्याला दिलीत, तर नाही बसणार.

मुक्ता: पण हे लागू कधी होणार?

मावशी: मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ मध्ये. ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ म्हणणारे संस्थाचालक मला रोज भेटतात! खासगीपणा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं पुट्टस्वामी खटल्यात २०१७ लाच सांगितलंय. आणि सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचं, हा २०२२ चा आदेश तुमच्या ईआरपी कंपनीला आजच बंधनकारक आहे.

मुक्ता: आणि नव्या कायद्याखाली माहिती फुटली तर?

मावशी: मंडळाला लगेच कळवायचं, ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यायचा. शिवाय ज्यांची माहिती फुटली त्या प्रत्येकाला सांगायचं. दहा वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्यांनासुद्धा.

मुक्ता: त्यांचे नंबर आता कुठून आणणार?

मावशी: नंबर बदलले, तरी त्यांची आधारची झेरॉक्स स्कॅन करून ठेवलेलीच आहे ना? कशासाठी? माझ्या मते सगळं दुखणं इथेच आहे. मागायला आपल्याला संकोच नाही आणि टाकायला हात होत नाही. तुमच्या फॉर्मवर रक्तगट कशाला विचारलाय?

मुक्ता: एनएसएसच्या शिबिरासाठी.

मावशी: मग शिबिराला येणाऱ्यांनाच विचारा.