मशेरीची डबी आणि पोटातलं बाळ

घोटीच्या आसपासच्या वाड्यांवर आशाताई म्हणून फिरताना गरोदर बायांशी मशेरीबद्दल पुष्कळ बोलणं होतं. त्यातून उमगलेलं थोडं मांडते.

१. "तंबाखू खातेस का?" असं विचारू नये. बहुतेक जणी नाही म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात. "दात कशाने घासतेस? शेतावरून आल्यावर परत लावतेस का?" असं विचारलं की डबी बाहेर येते. तव्यावर काळी होईस्तोवर भाजली तरी तंबाखू ती तंबाखूच. तिच्यातलं निकोटीन हिरड्यांतून रक्तात उतरतं.

२. आधी कारण ऐकावं. कुणाची दाढ ठणकते, कुणाला मशेरीशिवाय परसाकडेला होत नाही. पण मला सगळ्यात जास्त छळतं ते तिसरं कारण, भूक. आवणीच्या दिवसांत बाई दिवसभर चिखलात वाकलेली असते, भाकरीला उशीर होतो, मग चिमूटभर मशेरी लावली की भूक मरते. ज्या महिन्यांत तिच्या पोटात दोन घास जास्त जायला हवेत, नेमके त्याच महिन्यांत ती भूक मारत असते. अशा बाईला व्यसनी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिला वेळेवर जेवायला मिळालं, तर अर्धं काम तिथेच होतं.

३. आकडा सांगावा, पण समजावून. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. मशेरी किंवा तसलीच बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि दिवस पुरे होण्याआधी जन्मण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. "एवढ्याशानं काय होतंय?" असं एक सासूबाई म्हणाल्या. जे बाळ अडीच किलोच्या काठावर आहे, ते तेवढ्यानेच कमी वजनाचं ठरतं. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, वारेतून बाळाला मिळणारं रक्त घटतं, आणि निकोटीन स्वतःही वार ओलांडून बाळापर्यंत पोचतं.

४. मुलाच्या वाढीबद्दल जपून बोलावं. गरोदरपणी विडी-सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या मुलांचे जगभर अभ्यास झालेत. त्यांत चंचलपणा, लक्ष न लागणं जास्त दिसलं. पण त्यात तंबाखूचा वाटा किती आणि गरिबीचा किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. मशेरीबद्दलचे असे अभ्यास तर थोडेच. म्हणून "तुझ्यामुळे पोर मागे पडलं" असं मी कुणाही आईला म्हणत नाही, माझ्यासमोर म्हणूही देत नाही. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळावर मात्र डोळा ठेवते. मान कधी धरली, बसलं कधी, हाकेला वळतं का. शंका आली तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा दाखवायचं, आणि पथक यायला वेळ असेल तर थेट डॉक्टरांकडे न्यायचं.

५. सुनेशी एकटीशी बोलून भागत नाही. मशेरी भाजते सासू, डबी सगळ्या घराची. सासूने निदान बाळंतपणापर्यंत घरात भाजणं थांबवलं, तर सुनेला सोडणं सोपं जातं. घरात विडी ओढणाऱ्या नवऱ्यालाही उंबऱ्याबाहेर पाठवावं.

६. सोडल्यावर पहिले काही दिवस वाईट जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे आधीच सांगून ठेवलं तर बाई घाबरून परत डबीकडे वळत नाही. भरपूर पाणी, पालेभाजी, ब्रश आणि पेस्ट, आणि दाढेचा इलाज दवाखान्यात. सोडण्यासाठीचं औषध किंवा निकोटीनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. १८००-११२-३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. सहावा महिना लागला म्हणून आता काय उपयोग, असं मानू नये. शेवटच्या महिन्यांतच बाळाचं वजन झपाट्याने वाढतं.

७. बाळंतपणानंतर डबी परत येते, तेव्हा पुन्हा घरी जावं. निकोटीन दुधातून उतरतं, पण त्यासाठी अंगावरचं दूध तोडू नये, मशेरी तोडावी. रांगणाऱ्या पोराच्या हाताला डबी लागता कामा नये, कारण थोडी तंबाखूही त्याला विषासारखी बाधू शकते. आणि दात येताना हिरड्या शिवशिवतात म्हणून आजी मशेरीचं बोट लावायला जाते, तिला तिथल्या तिथे थांबवावं.